घामाची भीती: सीएफ असलेल्या एका मुलीला खेळात परत आणताना

चार आठवड्यांच्या तक्त्यावर बरोबरच्या अठ्ठावीस खुणा होत्या. सगळ्या एकाच निळ्या पेनाच्या, एकाच तिरपेपणाच्या. रोज अर्धा तास दोरीवरच्या उड्या किंवा सायकल, असं मीच तो तक्ता आखून दिला होता. त्याप्रमाणे एकही दिवस चुकला नव्हता. त्याच दिवशी केलेल्या शटल चाचणीत, म्हणजे दोन खुणांमध्ये वाढत्या वेगाने ये-जा करण्याच्या चाचणीत मात्र ती महिन्यापूर्वीपेक्षा वीस मीटर आधीच थांबली. पहिल्यांदा ४७० मीटर झाले होते, आता ४५०.

"खरंच केलंस का गं हे सगळं?" मी विचारलं. तिने मान खाली घातली. आई म्हणाली, "मॅडम, येताना एसटीत बसून भरलंय तिनं. मी बघितलं."

मग मी मुलीला बोलले. आवाज चढवला नाही, पण बोलले. फुप्फुसं तुझी आहेत, मेहनत तुलाच करायला हवी, असं काहीतरी. त्यानंतर दोन महिने ती आलीच नाही. आई एकटी यायची आणि औषधांची चिठ्ठी घेऊन जायची.

मी लहान मुलांच्या छातीच्या आजारांवर काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे. सिस्टिक फायब्रोसिस म्हणजे सीएफ हा जन्मजात आजार असलेल्या मुलांना हालतं-खेळतं ठेवणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. हे प्रकरण मी घरच्यांच्या आणि त्या मुलीच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. सुरुवात त्या तक्त्यापासून केली, कारण मुलगी खोटं वागली असं मी तेव्हा धरून चालले होते. प्रत्यक्षात माझी पाहणीच अपुरी होती.

आधीचं आयुष्य

पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं गाव. वडिलांचं किराणा दुकान, मागे घर. घरात आजी. मुलगी तेव्हा तेरा वर्षांची, सातवीत. उंची १४२ सेंटिमीटर, वजन ३१ किलो. एफईव्ही-१, म्हणजे जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, अपेक्षेच्या ५८ टक्के.

जन्मल्यापासून खोकला, तेलकट आणि दुर्गंधीयुक्त शौच, अंगाला काही न लागणं. आधी "बाळदमा" म्हणून औषधं झाली. मग छातीच्या फोटोत डाग दिसला म्हणून सहा महिने टीबीची. आपल्याकडे सीएफच्या मुलांच्या फायलीत टीबीच्या गोळ्यांचा हा कोर्स इतक्यांदा सापडतो की आता मी नव्या कुटुंबाला तो प्रश्न विचारतेच. हा आजार गोऱ्या लोकांचा, भारतात नसतोच, अशी समजूत आपल्या वैद्यकात फार काळ होती. तिची किंमत या मुलांनी मोजली आहे.

सहाव्या वर्षी एका बालरोगतज्ज्ञांनी आईला विचारलं, "हिचा घाम वाळल्यावर कपाळावर मीठ दिसतं का?" आई म्हणाली, "पापा घेतला की ओठ खारट होतात." घामाची तपासणी झाली. क्लोराइड ९८ आलं. ६० आणि त्याच्या पुढे असेल तर सीएफ धरतात.

या आजाराचं मूळ सातव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात आहे. ते १९८९ मध्ये सापडलं. त्या जनुकापासून बनणारं प्रथिन पेशीच्या भिंतीतलं दार असतं. त्यातून क्लोराइड ये-जा करतं आणि त्याच्यामागे पाणी. हे दार नीट चाललं नाही की फुप्फुसातला स्राव घट्ट, चिकट होतो, त्यात जंतू घर करतात. स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात, म्हणून जेवणासोबत एन्झाइमच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात. आणि घामाच्या नळ्यांमध्ये, जिथे एरवी मीठ परत शोषलं जातं, तिथे ते शोषलंच जात नाही. घामावाटे मीठ निघून जातं. या शेवटच्या गोष्टीकडे मी, छातीची माणूस म्हणून, पुरेसं लक्ष दिलं नव्हतं. सगळी गुंतागुंत तिथेच होती.

अठ्ठावीस टक्के

पहिल्या भेटीत मी आईला शक्य तितकं पटवून सांगितलं होतं. १९९२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असतो. सीएफच्या १०९ रुग्णांची सायकलवर दमछाक मोजली आणि आठ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ज्यांची क्षमता सर्वांत चांगली, त्यांच्यातले ८३ टक्के आठ वर्षांनी जिवंत होते. मधल्या गटातले ५१ टक्के. सर्वांत कमी क्षमतेच्या गटातले २८ टक्के.

ही आकडेवारी मी आईला सांगितली. व्यायाम किती मोलाचा आहे हे तिला कळावं, एवढाच हेतू होता. तिने पुढे कधीतरी मला सांगितलं की त्या दिवशी घरी जाताना तिच्या डोक्यात एकच आकडा होता. अठ्ठावीस.

आज मी तो अभ्यास कोणत्याही आईसमोर मांडत नाही. एक तर तो पाहणीचा अभ्यास आहे. क्षमता चांगली होती म्हणून माणसं जगली, की मुळात आजार सौम्य होता म्हणून दोन्ही झालं, हे त्यातून पूर्ण सुटं करता येत नाही. आणि दुसरं, घाबरलेल्या माणसाला आणखी घाबरवून कुणी पोराला मैदानावर सोडत नाही.

त्यात दिवसाचं गणित. सकाळी श्वासनलिका मोकळी करणारा पंप, मग खारट पाण्याचं नेब्युलायझेशन, मग बाटलीतल्या पाण्यात नळीने बुडबुडे काढत आणि जोरात "हा" करत कफ सोडवणं, मग नाश्ता, कॅप्सूल, जीवनसत्त्वं. हे उरकायला तास जातो. नेब्युलायझरचे कप उकळून ठेवायला आईचा आणखी अर्धा. संध्याकाळी पुन्हा तेच. मध्ये शाळा आणि शिकवणी. अशा दिवसात मी अर्ध्या तासाचा आणखी एक डोस घातला होता. दोरीवरच्या उड्या मी खेळ म्हणून लिहिल्या होत्या, त्या मुलीच्या हाती मात्र आणखी एक औषधच पडलं.

आई एकटी आली तेव्हा

दुसऱ्या महिन्यातली गोष्ट. आई चिठ्ठी घेऊन निघाली होती. बाहेर गर्दी नव्हती. मी तिला बसवलं आणि आधीच विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला. "तिला पळवायचं म्हटलं की तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते? दम लागेल याची?"

"दमाची न्हाई मॅडम. दम लागला तर पंप हाय. मला घामाची भीती वाटती."

या मुलीच्या आधी एक मुलगा होता. पाच महिन्यांचा. मे महिना, पत्र्याचं घर. पोर दोन दिवस मलूल झालं, उलट्या झाल्या, दवाखान्यात नेईपर्यंत हाती लागलं नाही. तिथे कुणीतरी म्हणालं की अंगातलं मीठ कमी झालं होतं. सीएफचं नाव तेव्हा कुणी घेतलं नव्हतं. मुलीचं निदान झाल्यावर, घामातून मीठ जातं हे कळल्यावर, आईने आपल्या मनाशी तो धागा जोडला. आणि तो बरोबरच असण्याची शक्यता मोठी आहे. तान्ह्या वयात उन्हाळ्यात क्षार घटून कोसळणं हे आपल्याकडच्या सीएफच्या बाळांमध्ये वारंवार दिसतं.

त्या दिवसापासून मुलीच्या कपाळावर घाम दिसला की आई तिला पंख्याखाली बसवायची. दोरीवरच्या उड्या तिने पाच दिवस मारल्या होत्या. सहाव्या दिवशी आईने दोरी काढून माळ्यावर टाकली. मुलीने तक्ता भरला तो मला फसवायला नाही. खरं सांगितलं तर मॅडम आईला बोलतील, म्हणून भरला.

हे कळल्यावर मला त्या दिवशीचं माझं बोलणं आठवलं आणि अजूनही आठवतं.

पोत्यांचा वजनकाटा

आईची भीती अज्ञानातून आलेली नव्हती. सीएफ आणि घामाचं नातं डॉक्टरांच्या ध्यानात आलं तेही उन्हाळ्यातच. १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची मोठी लाट आली होती. उन्हाने कोसळून दवाखान्यात आलेल्या मुलांमध्ये सीएफची मुलं नजरेत भरण्याइतकी जास्त होती. त्यावरून पॉल दी सांत'आग्नेसे या बालरोगतज्ज्ञांनी घाम तपासायला घेतला आणि १९५३ मध्ये त्यातलं जादा मीठ जगासमोर आलं. आज जगभर या आजाराचं निदान मुख्यतः घामावरून होतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती पालकांपर्यंत क्वचितच पोहोचते. या मुलांना तहान वेळेवर लागत नाही. एरवी घाम गेला की शरीरात पाण्याच्या मानाने मीठ वाढतं आणि मेंदू तहानेचा इशारा देतो. सीएफमध्ये घाम जवळजवळ रक्ताइतकाच खारट असतो, पाणी आणि मीठ बरोबरीने जातं, त्यामुळे इशारा मिळतच नाही. कॅनडातल्या संशोधकांनी १९९२ मध्ये सीएफ असलेल्या आणि नसलेल्या मुलांना उष्ण खोलीत व्यायाम करायला लावून, हवं तेवढं पाणी प्या असं सांगितलं. सीएफची मुलं खूपच कमी प्यायली आणि त्यांचं वजन जास्त घटलं. त्याच गटाने १९९९ मध्ये दाखवलं की पेयात चव आणि लिटरला सुमारे ३ ग्रॅम मीठ असलं की हीच मुलं आपणहून पुरेसं पितात आणि वजन टिकतं.

म्हणजे "तहान लागली की पी गं" हा सल्ला या मुलीच्या उपयोगाचा नव्हता. आणि घाम येऊच न देणं हा उपायही नव्हता. घाम मोजायचा आणि भरून काढायचा, हे करता येण्यासारखं होतं.

आईला मी विचारलं, घरी वजनकाटा आहे का? ती म्हणाली, दुकानात पोत्यांचा आहे, पन्नास ग्रॅमपर्यंत दाखवतो.

पुढच्या आठवड्यात मुलगी आली. माझ्याकडे बघत नव्हती. मी तिची माफी मागितली, आईच्या देखत. नंतर दुकानात काय करायचं ते दोघींना सांगितलं: खेळायच्या आधी काट्यावर उभं राहायचं, खेळून आल्यावर अंग पुसून पुन्हा. जेवढे ग्रॅम कमी, तेवढे मिलिलिटर घाम, असा ढोबळ हिशोब. प्यायचं त्याहून थोडं जास्त. डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांशी बोलून पेय ठरलं: लिटरभर पाणी, सपाट अर्धा चमचा मीठ, साखर, लिंबू. शाळेच्या बाटलीत तेच. दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट, तहान असो-नसो. हे प्रमाण तिच्यासाठी होतं. यकृत, मूत्रपिंड किंवा रक्तदाबाची भानगड असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी मीठ वाढवू नये.

पहिल्या दिवशी मुलीने दुकानासमोरच्या रस्त्यावर भावकीतल्या पोरांबरोबर वीस मिनिटं लगोरी खेळली. आई दारात उभी. आधी ३१.२०, नंतर ३१.००. "दोनशे ग्रॅम," आईने फोनवर मला सांगितलं. "अडीचशे मिली प्यायला दिलं. परत काट्यावर उभी केली. भरलं बघा." त्या आवाजात मी पहिल्यांदा सुटकेचा सूर ऐकला. इतकी वर्षं घाम तिच्यासाठी तळ नसलेली गोष्ट होती. आता तो काट्यावर उभा राहिला.

वही तिने स्वतःच सुरू केली, दुकानाच्या उधारीच्या वहीसारखी: गेले किती, आले किती. मी तिला कोणताही तक्ता दिला नाही.

चपला सांभाळणारी

राहिला प्रश्न मुलीचा. "शाळेत खेळाच्या तासाला काय करतेस?" मी विचारलं.

"चपला सांभाळते."

सगळ्या वर्गाच्या चपला पायरीवर एका ओळीत लावायच्या आणि तिथे बसायचं. पहिलीपासून हेच. कारण शाळेच्या कपाटात एक दाखला होता: "श्वसनाच्या विकारामुळे खेळातून सूट द्यावी." पाचव्या वर्षी, टीबीच्या संशयाच्या काळात, कुणीतरी लिहून दिलेला. वडिलांनी तो लॅमिनेट करून ठेवला होता. आजार दुसराच निघाला, औषधं बदलली, दाखला मात्र तसाच राहिला.

"पण बसून बघत काय असतेस?"

"लेझीम." आणि मग ती एकदम बोलायला लागली. पंधरा ऑगस्टला शाळेचं लेझीम पथक असतं, सातवी-आठवीच्या मुलींचं. तिला सगळे हात येत होते. चार आवाज, आदि लगाव, पवित्रा, दो रुख. नुसतं बघून. मी तिला दोन फूटपट्ट्या दिल्या आणि म्हटलं, दाखव.

बोटाला ऑक्सिमीटर लावून ती माझ्या खोलीत चार मिनिटं लेझीम खेळली. वाकणं, कमरेतून वळणं, हात डोक्यावर, एक पाय पुढे, पुन्हा मागे. नाडी १४८ पर्यंत गेली, ऑक्सिजन ९६ वरून ९३. त्याखाली नाही. व्यायामशास्त्राच्या पुस्तकातून निवडूनही मला याहून बरं काही सापडलं नसतं. धड फिरतं, बरगड्या उघडतात, श्वास खोल जातो, ठेक्यामुळे वेग आपोआप सांभाळला जातो, आणि मध्ये-मध्ये थांबायला जागा असते. मुलं मुळात अशीच खेळतात. दोन मिनिटं धावतील, एक मिनिट उभी राहतील. अर्धा तास सलग सायकल हा मोठ्यांचा व्यायाम आहे.

थांबल्यावर ती खोकली. बराच वेळ. मोठा बेडका पडला, सकाळच्या सगळ्या कफ-व्यायामात पडला नसेल एवढा. आणि ती लाजेने लाल झाली.

"म्हणून मी खेळत नाही," ती हळूच म्हणाली. "पळलं की खोकला येतो. मग पोरी म्हणतात टीबी आहे."

आई घामाला भीत होती, मुलगी खोकल्याला. मी दोघींना दमाबद्दल समजावत बसले होते. दमाची तक्रार कुणाचीच नव्हती.

मी तिला सांगितलं की खोकला आला हे चांगलं झालं, हलल्यामुळे कफ सुटला. तिने ते ऐकून घेतलं, पण तिला पटलं ते दुसरंच. थोडा वेळ विचार करून म्हणाली, "लेझमीच्या आवाजात खोकला ऐकू येत नाही, ना ताई?" त्या दिवसापासून मी मॅडमची ताई झाले.

सरांची अडचण

खेळाच्या सरांना मी फोन केला तेव्हा ते सरळ म्हणाले, "मॅडम, उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची? माझ्याकडे लेखी आहे, खेळवू नका म्हणून." त्यांचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडून गेलेल्या एका कागदावर ते इतकी वर्षं चालत होते.

तेव्हा दुसरा कागद द्यायला हवा होता. तो देण्याआधी डॉक्टरांनी काही गोष्टी पाहून घेतल्या. पोटाची सोनोग्राफी, कारण सीएफमध्ये यकृत बिघडून प्लीहा वाढलेली असेल तर धक्काबुक्कीचे खेळ टाळावे लागतात. तिची ठीक होती. साखरेची तपासणी, कारण दहाव्या वर्षापासून ती दरवर्षी करायची असते. तीही ठीक. नव्या पत्रात "खेळू द्यावे" एवढं लिहून भागणार नव्हतं. सरांना उभं राहून वाचता येईल असं एक पान लिहिलं. ती सगळं खेळू शकते. खोकला आला तर थांबवू नका, बाजूला जाऊन थुंकू द्या, परत येऊ द्या. बाटली जवळ असू द्या. शौचाला जायचं म्हणाली तर लगेच सोडा. थुंकीत रक्त, छातीत दुखणं, चक्कर, ओठ निळे पडणं, यापैकी काही दिसलं तर मात्र थांबवा आणि या नंबरवर फोन करा. खाली डॉक्टरांची सही आणि शिक्का. आणि शेवटची ओळ: यापूर्वीचा दाखला रद्द समजावा.

सर मनाने मोकळे निघाले. त्यांनी तिला दुसऱ्या रांगेत कडेला घेतलं. पाण्याची टाकी आणि बेसिन तिथून चार पावलांवर होतं, त्यामुळे रांग न मोडता बाहेर पडता यायचं. सरावाआधी मैदानावर पाणी मारून धूळ बसवायचे. हे मी पत्रात लिहिलंच नव्हतं.

टीबीचा प्रश्न तिने स्वतः सोडवला. एका तासाला उभी राहून म्हणाली, "मला टीबी नाही. माझा कफ घट्ट आहे, जन्मापासून. तो तुम्हाला लागत नाही." हे वाक्य आम्ही दोघींनी मिळून तयार केलं होतं, तीन-चार वेळा छोटं करत करत. वर्गात ते म्हणायचं की नाही, हे मी तिच्यावर सोडलं होतं.

जून-जुलैभर आठवड्याला चार दिवस सराव. निघण्याआधी शेंगदाण्याचा लाडू आणि कॅप्सूल. आहारतज्ज्ञांनी दिवसाचं खाणं वाढवून दिलं होतं, कारण आधीच बारीक असलेल्या मुलीला नुसतं पळवत राहिलं तर वजन उतरतं. आजीने पहिल्यांदा नाक मुरडलं. मोठी झालेली पोर, चारचौघांत काय नाचायचं? या वयात मुलींचं खेळणं घरोघर बंद होतं आणि सीएफच्या मुलींना ते जास्त बाधतं. जुन्या नोंदींमध्ये मुलींचं आयुर्मान मुलांपेक्षा कमी दिसत आलं आहे. आजीला यातलं मी काही सांगितलं नाही. पंधरा ऑगस्टला ती स्वतःच नातीला बघायला शाळेत गेली, एवढं मला कळलं.

वॉर्डात

नोव्हेंबरात ताप आला, कफ हिरवा झाला, भूक मेली. एफईव्ही-१ ४९ टक्क्यांवर. चौदा दिवस शिरेतून अँटिबायोटिक. आईने पहिल्याच दिवशी विचारलं, "खेळल्यामुळं झालं का?" नाही. स्यूडोमोनास नावाचा जंतू तिच्या फुप्फुसात अधूनमधून डोकं वर काढत असतोच. पण प्रश्न रास्त होता आणि तो मनात ठेवून ती घरी गेली असती तर लेझीमही माळ्यावर गेली असती.

दाखल असतानाही व्यायाम चालू ठेवावा, हे आम्ही ठामपणे सांगतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, दाखल झालेल्या सीएफच्या ६६ मुलांना तीन गटांत विभागलं होतं. दमसास वाढवणाऱ्या व्यायामाने क्षमता वाढली, ताकदीच्या व्यायामाने वजन आणि फुंकण्याचा आकडा जास्त सुधारला. म्हणून चौथ्या दिवसापासून, ताप उतरल्यावर, तिची लेझीम वॉर्डात आली. साखळीच्या चकत्यांवर आईने ओढणी गुंडाळली, बाकीच्या पोरांची झोप मोडू नये म्हणून. सोबत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, खुर्चीवरून उठबस.

त्याच वॉर्डात सीएफचा आणखी एक मुलगा होता, तिच्याहून लहान. त्याला लेझीम शिकायची होती. पण सीएफच्या दोन मुलांना एकत्र खेळू देता येत नाही. एकाचे जंतू दुसऱ्याला लागतात आणि त्यांच्या फुप्फुसात ते हटत नाहीत, म्हणून किमान दोन मीटर अंतर आणि वेगळ्या खोल्या. हा आजार इतर आजारांपेक्षा क्रूर वाटतो तो इथे. तुमच्यासारखंच दुसरं कुणी भेटतं आणि त्याच्याजवळ जाता येत नाही. तिने त्याला मोबाइलवर चार आवाज शिकवले, भिंतीच्या दोन बाजूंनी.

वर्षभराने

शटल चाचणी ६८० मीटर. वजन ३४ किलोच्या वर. एफईव्ही-१ ६० टक्के. शेवटच्या आकड्याबद्दल मी जपून बोलते. ५८ चे ६० हा फरक चाचणीच्या रोजच्या चढउतारात बसतो. कॅनडात ७२ मुलांवर तीन वर्षं झालेल्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, घरी आठवड्यातून तीनदा व्यायाम करणाऱ्यांची एका श्वासात जोरात बाहेर सोडता येणारी एकूण हवा कमी वेगाने घटली. उलट, ११७ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, जी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली, व्यायाम वाढवलेल्यांची दमदारी सुधारली, पण सहा महिन्यांनी एफईव्ही-१ मात्र व्यायाम न वाढवलेल्या गटाचाच थोडा वर होता. आमच्यासारख्यांना ते वाचून धक्का बसला. तेव्हापासून मी कुणालाही "खेळलीस तर फुंकण्याचा आकडा वाढेल" असं वचन देत नाही. जिना चढून वर्गात गेल्यावर लगेच बोलता येतं, हे वचन देते, कारण ते बहुतेक वेळा खरं ठरतं. लेझीम आली म्हणून सकाळचा कफ-व्यायामही सुटलेला नाही. तो सोडायचा का, हे तिने विचारून पाहिलं होतं.

ज्या नव्या गोळ्यांनी २०१९ नंतर अमेरिकेतल्या आणि मग युरोपातल्या सीएफच्या मुलांचं आयुष्य पालटलं, त्या या किराणा दुकानाच्या आवाक्याबाहेर आहेत. वडील दर भेटीत त्यांची किंमत विचारतात. मी सांगते. ते मान हलवतात.

मार्चपासून सराव सकाळी साडेसहाला हलवला. एप्रिलमध्ये एका दिवशी काट्यावर पाचशे ग्रॅमची घट दिसली, तेव्हा आईने मला फोन केला नाही. स्वतःच दोन बाटल्या पाजल्या, दुसऱ्या दिवशी सरावाला सुट्टी दिली आणि वहीत लाल पेनाने लिहून ठेवलं.

जूनच्या भेटीत मुलीने विचारलं, "ताई, खो-खोत घेतील का मला?" मी विचार करत होते. पाठलाग करणारी बसून असते, खो मिळाला की झेपावते, पुन्हा बसते. पळणारी मात्र बाद होईपर्यंत पळत राहते. पाठलागापासून सुरुवात करता येईल. आधी पुन्हा एकदा सायकलवर ऑक्सिजन बघायला हवा. गुडघे फुटतील, ते फुटू देत.

मी काही बोलायच्या आत आईने पिशवीतून वही काढली.

"किती मिनिटांचा डाव असतो गं?" तिने लेकीला विचारलं. "बाटल्या किती लागतील?"